सर्व्हर : सुरू करणे आणि चालू ठेवणे

संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करून काम करणे हा विज्ञान शाखेचा प्रांत, अशी आपल्या कला शाखेतील बहुतेकांची समजूत असते. माझीही होती. परंतु मराठी विभागासाठी आम्ही काही विद्यार्थ्यांनी नागपुरी-वऱ्हाडी बोलीतील शब्दांचा संग्रह केला, तो सर्वांना मोबाईलवर पाहता यावा म्हणून त्याचे छोटेसे वेब ॲप्लिकेशन तयार केले आणि ते चालविण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. त्यात जे शिकलो आणि जिथे चुकलो, ते मित्रांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू.

सर्व्हर म्हटला की एखादे अजस्र यंत्र डोळ्यांपुढे येते. वास्तविक सर्व्हर म्हणजे सतत कान देऊन बसलेला एक प्रोग्राम. कोणी पान मागितले की ते तयार करून द्यायचे आणि पुन्हा कान देऊन बसायचे, हेच त्याचे काम. पोस्टात जशा क्रमांकाच्या खिडक्या असतात, तशा प्रत्येक संगणकाला असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. वेबची नेहमीची खिडकी 80, सुरक्षित व्यवहाराची 443. युनिक्स घराण्यातील यंत्रांवर 1024 च्या खालच्या खिडकीवर बसण्यास साधारणतः विशेष अधिकार लागतो. म्हणून सरावासाठी 8000 घेतात.

आमचे ॲप्लिकेशन जँगो या साधनावर बांधलेले होते. हे साधन अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स या गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मले आणि 2005 साली सर्वांसाठी खुले झाले. ते सुरू करण्याची आज्ञा अशी : ‘पायथन मॅनेज डॉट पीवाय रनसर्व्हर 8000’. व्याकरणाच्या दृष्टीने पाहा. पहिला शब्द कोणाला सांगायचे ते सांगतो, दुसरा कोणत्या फाईलच्या द्वारे, तिसरा कोणते काम आणि शेवटचा कोणत्या खिडकीवर. एक अक्षर चुकले तर यंत्र समजून घेत नाही. एवढी काटेकोर भाषा भाषेच्या विद्यार्थ्याला परकी का वाटावी?

मात्र या आज्ञेने सर्व्हर 127.0.0.1 या पत्त्यावर, म्हणजे फक्त आपल्याच यंत्रासाठी बसतो. बाहेरच्यांना दार उघडायचे तर पत्ता 0.0.0.0 द्यावा लागतो आणि कोणत्या नावाने आलेली मागणी स्वीकारायची, हेही नोंदवून ठेवावे लागते. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मागणीची एक ओळ पडद्यावर उमटते. शेवटी 200 असेल तर पान दिले, 404 असेल तर मागितलेले पान नाही, 500 असेल तर चूक आपल्या घरात आहे. या ओळी वाचण्याची सवय म्हणजे निम्मे शिक्षण.

आता माझी चूक. बेसा येथील घरून मी दूरच्या, भाड्याने घेतलेल्या यंत्रावर प्रवेश केला, ही आज्ञा दिली, सरांना फोनवर पान दाखविले आणि समाधानाने टर्मिनल बंद करून झोपलो. सकाळी सरांचा फोन, ‘काहून रे, काल तं चालून राहिलं होतं ना?’ शब्द डेटाबेसमध्ये सुखरूप होते, पण देणारा उठून गेला होता. ज्या आजींनी आम्हांला सर्वांत जास्त शब्द सांगितले, त्यांच्या नातवाने त्यांना दाखविण्यासाठी पान उघडले आणि ते उघडलेच नाही. ही गोष्ट मला फार लागली.

कारण असे. टर्मिनलमधून सुरू केलेला प्रोग्राम त्या टर्मिनलशी बांधलेला असतो. संबंध तुटला की त्याला ‘हँगअप’ हा इशारा मिळतो आणि तो थांबतो. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडत, त्या काळातले हे नाव. रिसीव्हर खाली ठेवला, बोलणे संपले.

उपाय दोन. तात्पुरता म्हणजे आज्ञेच्या आधी ‘नोहप’ लावणे, म्हणजे तो इशारा मनावर घेतला जात नाही. पण यंत्रच बंद होऊन पुन्हा सुरू झाले तर हा उपाय निरुपयोगी. कायमचा उपाय म्हणजे लिनक्समधील सिस्टमडी या व्यवस्थापकाकडे काम सोपविणे. त्याच्या ‘स्टार्ट’ने सर्व्हर आता सुरू होतो, तर ‘एनेबल’ने यंत्र सुरू होईल तेव्हा आपोआप. मध्येच पडला तर पुन्हा उभा करण्याची सूचनाही लिहून ठेवता येते. शिवाय रनसर्व्हर हा केवळ सरावाचा आहे. लोकांसाठी गुनिकॉर्नसारखा सर्व्हर वापरावा. प्रोसेसरच्या गाभ्यांची दुप्पट अधिक एक इतके कामकरी त्याला प्रारंभी द्यावेत, असा संकेत आहे.

1990 च्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत जगातील पहिला वेब सर्व्हर चालविला. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये, अशा अर्थाची हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यांनी त्या संगणकावर चिकटविली होती. पहिल्याच दिवसांपासूनची चिंता हीच. सुरू करणे सोपे, चालू ठेवणे अवघड.

1 मे 2003 रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आज आपण केव्हाही उघडतो, कारण लिहिणाऱ्यांच्या मागे सर्व्हर सांभाळणारेही जागे असतात. आपल्या बोलीचे शब्द गोळा करणे हे आपले कर्तव्य खरेच. पण मागेल त्याला ते मिळत राहावेत, हेही त्याच कर्तव्याचे दुसरे अंग नव्हे काय? आमचा सर्व्हर आता सिस्टमडीच्या हवाली आहे. सरांनी विचारले तर सांगता येते, ‘चालून राहिला, सर!’