प्रत्येक पोटदुखी ‘पित्त’ नव्हे

बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली दुखू लागले की आपल्या घरांत एकच निदान ठरलेले असते: ‘पित्त झाले असेल.’ मग कोणी सोडा देते, कोणी थंड दूध, कोणी दुकानातून गोळी आणते. बहुतेक वेळा बरे वाटते आणि विषय तिथेच संपतो. आम्ही डॉक्टर नाही, बँकेतील साधे कारकून आहोत. तरीही एका प्रसंगाने डोळे उघडले, म्हणून या विषयाचे थोडे वाचन केले, जाणकारांना विचारले. ते सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवत आहोत.

मार्चअखेरचे क्लोजिंग होते. रात्र झाली तरी ताळा जमत नव्हता. आमचे एक ज्येष्ठ सहकारी पोटाच्या वरच्या भागावर हात दाबून बसले. मळमळ होत होती, कपाळावर घाम होता. ‘दुपारी वडे खाल्लेत, त्याचेच पित्त,’ असे आम्हीच म्हणालो आणि सोडा आणून दिला. ढेकर आला, सर्वांना हायसे वाटले. शाखेतील शिपाई मात्र ऐकेनात. ‘पंख्याखाली बसून एवढा घाम येतो का, साहेब?’ असे म्हणत त्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, तेव्हा तो हृदयविकाराचा झटका असल्याचे कळले. सहकारी वाचले. आम्ही दिलेला सोडा मात्र आम्हाला आजही आठवतो.

हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा अडला, तर वेदना छातीऐवजी पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकते. मधुमेही, वयस्कर माणसे आणि स्त्रिया यांच्या बाबतीत लक्षणे अशी फसवी असण्याचा संभव अधिक. ढेकर आला किंवा गोळीने आराम पडला, म्हणजे हृदय ठीक आहे असे समजू नये.

आता इतर कारणे पाहू. जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर आले की छातीत जळजळ होते, घशाशी आंबट येते. आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुधा हेच आम्ल असते. खरे पित्त यकृतात तयार होते व पित्ताशयात साठते. तिथे खडे झाले, तर तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोराची कळ येते आणि ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाऊ शकते. स्वादुपिंडाला सूज आली, तर वेदना पाठीपर्यंत पोचते, उताणे झोपल्यास वाढते, उलट्या होतात. या सुजेची दोन प्रमुख कारणे म्हणजे पित्ताचे खडे आणि दारू.

जठराला किंवा त्यापुढील आतड्याला जखम होते, तिला अल्सर म्हणतात. तिखट खाणे आणि काळजी करणे यांमुळे अल्सर होतो, अशी समजूत फार वर्षे होती. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल या डॉक्टरांनी दाखवून दिले की बहुसंख्य अल्सरांच्या मुळाशी ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू असतो. लोक मानेनात, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली ते जिवाणू स्वतः पिऊन पाहिले आणि त्यांच्या जठराला सूज आली. दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज तपासणी करून डॉक्टरांनी दिलेला औषधांचा क्रम पुरा केल्यास हा जिवाणू बहुधा नाहीसा होतो. अल्सरचे दुसरे मोठे कारण आपल्या खिशातच असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने व वारंवार घेतल्यास जठराचे अस्तर दुखावते. डॉक्टरांनी हृदयासाठी अॅस्पिरिन दिली असेल, तर ती मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

मग सवयींचा काहीच संबंध नाही काय? आहे, आणि पुष्कळ आहे. रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवे होणे, विडी-सिगारेट, दारू आणि सुटलेले पोट यांनी आम्ल वर येण्याचा त्रास वाढतो. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. रात्री त्रास होत असेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करावी. तिखटाने किंवा रिकाम्या पोटी चहाने ज्याला त्रास होतो, त्याने ते टाळावे. सर्वांना एकच नियम लागू नाही. व्यसन मात्र सर्वांनीच सोडावे.

दुखू लागले की गोळीआधी चार प्रश्न विचारावेत: नेमके कुठे दुखते? केव्हापासून? कशानंतर? सोबत आणखी काय होते? घाम, धाप, चक्कर, किंवा वेदना छातीत, जबड्यात, हातात जाणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, कावीळ, ताप किंवा न थांबणारी वेदना, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. वजन घटत असेल, घास अडकत असेल किंवा दोन आठवडे दुखणे हटत नसेल, तरीही डॉक्टरांना दाखवावे.

हिशेबात फरक आला तर तो कुठून आला हे शोधल्याशिवाय आम्ही घरी जात नाही. शरीराच्या बाबतीत मात्र कारण न शोधताच गोळी घेऊन मोकळे होतो. ही सवय आम्ही सोडली आहे. वाचकांनीही सोडावी, एवढीच विनंती.