रिकामे पातेले

मागे मणिबेलीस एका घरी आम्ही बसलो होतो. बाईंनी जर्मनचे पातेले चुलीवर ठेवले आणि त्या पाणी आणायला गेल्या. वाटेत कुणी भेटले, बोलणे लांबले. येऊन पाहतात तो पातेल्याला हे एवढे भोक! खाली राखेत पांढरा गोळा. "नवंच होतं हो!" बाई म्हणाल्या.

पातेले फुटले नव्हते, वितळले होते. ताप मोजायचे माप म्हणजे अंश. बर्फ 0 अंशावर वितळतो, पाणी 100 अंशांवर उकळते. मेण साठ-पासष्टला पातळ होते. जर्मन म्हणजे अल्युमिनियम. ते वितळते 660 अंशांवर. फुललेले निखारे याच्याही वर जातात.

मग रोज भात शिजतो, तेव्हा पातेले का वितळत नाही? आत पाणी असते म्हणून. उकळते पाणी शंभराच्या वर जात नाही. चुलीची आच ते घेते आणि वाफ होऊन जाते. पाणी आटले, की पातेल्याचा राखणदार गेला!

पितळी भांड्याला असे भोक लवकर पडत नाही, पण त्याची कल्हई जाते. कल्हई कथलाची असते, आणि कथील 232 अंशांनाच वितळते. म्हणून तर कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो आणि कापसाने कथील भराभर फिरवतो. काही जण कथलात स्वस्त शिसे मिसळतात. शिसे एकटे 327 अंशांना वितळते, पण कथलात मिसळले की ते मिश्रण 183 लाच वितळू लागते. ही गंमत खरी, पण शिसे विष आहे. ताक-चिंचेत ते उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूला फार अपाय करते. नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. तेव्हा शुद्ध कथील खात्रीच्या दुकानातून आपणच आणून द्यावे हे बरे.

लोखंडाला 1538 अंश लागतात. गावचा लोहार विळा वितळवत नाही, लाल करून ठोकतो.

"आणि माझी साखळी चुलीत पडली तर?" बाईंनी विचारले. आम्ही म्हणालो, चोख चांदी 962 अंशांना वितळते. पण दागिन्यात तांबे असते, आणि तसली चांदी 780 च्या सुमारासच वितळू लागते. फुंकणीने विस्तव फुलवला, तर सांगता येत नाही.

बाईंनी साखळी पदराखाली घेतली आणि दुसरे पातेले काढले. त्यात आधी पाणी ओतले.