मक्पेलाचें शेत

शास्त्रभाग : उत्पत्ति, अध्याय २३. यासोबत उत्पत्ति ३५:१६-२० व प्रेषितांचीं कृत्यें ९:३६-४१ हे भागही वाचावे.

सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोन येथें मरण पावली. अब्राहामानें तिच्यासाठीं शोक केला व तो रडला, असें शास्त्र प्रथम सांगतें. मग तो प्रेतापुढून उठला आणि जागेची गोष्ट काढावयास गेला. हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. रडणें हें विश्वास उणा असल्याचें लक्षण नव्हे. लाजाराच्या कबरेकडे जातांना आपला प्रभुही रडला. तेव्हां दुःखाच्या घरीं जाऊन ख्रिस्ती माणसानें रडूं नये असा उपदेश करणाऱ्या बंधूंनीं हा पाठ आधीं स्वतः वाचावा. परंतु रडून झाल्यावर कोणाला तरी उठावेंच लागतें.

त्या देशांत अब्राहामाच्या मालकीची पाऊलभर जमीन नव्हती. देवानें सर्व देश देऊं केला होता, पण पत्नीस मूठमाती देण्यापुरती जागा हातीं नव्हती. मी तुमच्यांत परका व उपरी आहें, असें त्यानें गांवच्या लोकांपुढें कबूल केलें. हेथाच्या वंशजांनीं त्याला मानानें उत्तर दिलें, कीं आमच्या उत्तम कबरांपैकीं हवी ती घ्या. एफ्रोन तर म्हणाला, गुहा देतों, शेतही देतों. आमच्या गांवांतूनही असे बोलणारे भले लोक आहेत, आणि त्यांचें बोलणें खोटें असतें असें नव्हे. तरी अब्राहामानें तें तसेंच घेतलें नाहीं. दोन वेळां त्या लोकांस नमन करून त्यानें किंमत विचारली, व सर्वांच्या देखत ४०० शेकेल रुपें तोलून दिलें. पुढें शेत कोठें, गुहा कोणती, हद्दींतील झाडें कोणतीं, साक्षीदार कोण, हें सर्व खरेदीखताप्रमाणें लिहिलें आहे. वाचणाऱ्यास हीं वचनें रुक्ष वाटतात, व तीं रुक्ष आहेतच. पण त्याच गुहेंत पुढें अब्राहाम, इसहाक, रिबका, लेआ आणि मिसर देशाहून आणिलेला याकोब यांस ठेवण्यांत आलें, आणि कोणीं हरकत घेतल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं.

आतां आपल्या मंडळ्यांकडे पाहूं. पुष्कळ गांवीं ख्रिस्ती लोकांची दफनाची जागा म्हणजे ओढ्याकाठचा एक पडीक तुकडा असतो. तो कोणी दिला, असें विचारल्यास उत्तर मिळतें, कीं जुन्या पाटलांनीं आजोबांस सांगितलें होतें. तोंडी दिलेली जागा देणाऱ्याच्या हयातीपर्यंत पुरते. पुढें गांवांत नवे कारभारी येतात, जमिनीचे भाव चढतात, आणि एके दिवशीं प्रेत अंगणांत असतां कोणी येऊन म्हणतो, येथें खणूं नका.

हें भय कल्पनेंतील नाहीं. छत्तीसगडांतील बस्तर जिल्ह्यांत ७ जानेवारी २०२५ रोजीं एक वृद्ध ख्रिस्ती पाळक वारले. त्यांच्या घरचीं पूर्वींचीं माणसें त्याच गांवीं पुरलेलीं आहेत, आणि ती जागा पंचायतीनें तोंडी नेमून दिलेली होती, असें कुटुंबाचें म्हणणें होतें. गांवकऱ्यांनीं विरोध केला. प्रकरण उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयांत गेलें. तेथील दोन न्यायमूर्तींचें मत जुळलें नाहीं. एकांच्या मतें कुटुंबाच्या स्वतःच्या शेतांत पुरूं द्यावें, दुसऱ्यांच्या मतें ख्रिस्ती लोकांच्या नेमलेल्या दफनभूमींतच पुरावें. अखेर २७ जानेवारीस, प्रेत आणखी खोळंबूं नये म्हणून, सुमारें २०-२५ किलोमीटरांवरील करकापाल येथील ख्रिस्ती दफनभूमींत दफन करावें असा हुकूम झाला. वीस दिवस त्या देहास माती मिळाली नव्हती. त्या मुलानें ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषानें करावा.

म्हणून जागेची व्यवस्था कोणी आजारी नसतां, गांवांत सलोखा असतां करावी. दफनभूमीची नोंद सातबाऱ्यावर आहे कीं नाहीं हें पाहावें. नसल्यास मंडळीनें ग्रामसभेपुढें लेखी अर्ज ठेवावा, ठराव मागावा व त्याची नक्कल मंडळीच्या दप्तरांत जपून ठेवावी. सरकारी जमीन दफनासाठीं राखून ठेवण्याचा अधिकार १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल कायद्यानें जिल्हाधिकाऱ्यांस दिला आहे. त्यांच्याकडेही अर्ज करितां येतो. स्वतःच्या शेतांत पुरूं म्हणणाऱ्यांनींही पंचायतीस आधींच विचारून ठेवावें. आणि हें सर्व अब्राहामाच्या रीतीनें, नम्रपणें करावें. आपला हक्क आहे म्हणून भांडत जाणारा माणूस बहुधा शेजारीही गमावतो व जागाही.

जागा ठरली म्हणजे बाकीचें काम मंडळीच्या हातांचें आहे. यापो येथें टबीथा मेली तेव्हां तिला स्नान घालून माडीवर ठेविलें, आणि तिनें शिवलेलीं वस्त्रें दाखवीत विधवा रडत उभ्या राहिल्या. भाड्यानें आणिलेलें कोणी तेथें दिसत नाहीं. बाईच्या देहास मंडळीच्या बायांनीं स्नान घालावें, पुरुषाच्या देहास पुरुषांनीं. खणणाऱ्या तरुणांचीं नांवें आधींच ठरलेलीं असावीं. मुरमाड जमिनींत उन्हाळ्याच्या दिवसांत पहार व टिकाव घेऊन चारसहा जणांस कित्येक तास लागतात, आणि पावसाळ्यांत काळ्या मातीच्या कडा ढासळतात. घाईनें उथळ खणूं नये, कुत्रीं माती उकरतात. मातीहून परतल्यावर त्या घरची चूल त्या दिवशीं पेटूं नये; कडू घास शेजारच्या ख्रिस्ती घरानें द्यावा. भाकरी-पिठलें पुरे आहे.

प्रभूचें शरीर तागाच्या वस्त्रांत गुंडाळून ठेविलें होतें, पेटीचें नांव तेथें नाहीं. तेव्हां तालुक्याहून भारी पेटी, मंडप व दहाव्या-तेराव्याच्या धर्तीचें जेवण यांसाठीं कर्ज काढणाऱ्यास उपदेशकानें एकांतांत, प्रेमानें आवरावें. पेटी घेणें पाप नव्हे. पण विधवेच्या डोक्यावर कर्ज ठेवून जाणें हा मृताचा मान नव्हे. जुन्या नात्यांतले लोक मातीला येतील, गुलाल व हळद आणतील. त्यांच्या हातांतून तें हिसकावूं नये. आमची रीत ही अशी आहे असें सौम्यपणें सांगावें, त्यांस बसावयास जागा द्यावी व शास्त्र वाचून दाखवावें. पुनरुत्थानाची आशा पुष्कळांच्या कानीं पहिल्यानें तेथेंच पडते.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. जागेची काळजी घेणें निराळें, आणि आपल्याच मातींत न पुरल्यास आत्मा भटकतो असें मानणें निराळें. मक्पेला मालकीची असतांही याकोबानें राहेलीस तेथें नेलें नाहीं. ती बेथलेहेमाच्या वाटेवर प्रसूत होतांना मेली, व तिला तेथेंच पुरून त्यानें कबरेवर स्तंभ उभारिला. हेब्रोन तेथून फार दूर नव्हतें. आपलीं माणसें ऊसतोडीस जातात, व कित्येकांस कारखान्याच्या तळावरच मरण येतें. देह गांवीं आणण्याची ऐपत व सोय असेल तर आणावा. नसेल, तर जवळच्या मंडळीस निरोप धाडावा, तिच्या दफनभूमींत दफन करावें, आणि त्याबद्दल जन्मभर मनास लावून घेऊं नये. मोशेची कबर कोठें आहे हें आजवर कोणास ठाऊक नाहीं.

मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आंत नोंदविली पाहिजे, असा १९६९ चा कायदा आहे. घरीं मरण आल्यास हें काम घरच्या मुख्य माणसाचें. गांवीं ती ग्रामपंचायतींत द्यावी. दाखल्यावांचून वारसाची नोंद व विधवेचीं पुढचीं कामें अडतात. म्हणून शोकांतल्या घराकडून हें विसरलें जाऊं नये, याची आठवण उपदेशकानें ठेवावी. आणि हा पाठ मंडळींत घेतल्यावर त्याच आठवड्यांत त्यानें दोन वडिलांस बरोबर घेऊन तलाठ्याच्या कचेरींत जावें, आपल्या दफनभूमीचा गट नंबर कोणता व ती कोणाच्या नांवें लागली आहे हें विचारावें, आणि उताऱ्याची नक्कल घेऊन यावें.