गुडघा जपायचा म्हणजे काय?

फलटणला फिजिओथेरपीचं काम करताना माझ्याकडे सर्वांत जास्त कोण येत असेल, तर गुडघेवाले. खुरपणीला जाणाऱ्या बायका, निवृत्त शिक्षक, एसटीचे ड्रायव्हर आणि आषाढीच्या आधी माउलींची पालखी गावात मुक्कामाला आली की वारकरी. तक्रारी वेगवेगळ्या, पण त्यांच्यामागची भीती बहुधा एकच असते: गुडघा वापरला की झिजतो, म्हणून कमीत कमी वापरायचा. या भीतीनं जितके गुडघे आखडलेले मी पाहिलेत, तितके चालण्यानं बिघडलेले पाहिले नाहीत. या सगळ्यांकडून जे शिकले ते असं.

१. कूर्चा हालचालीवर जगते

मांडीचं हाड आणि नडगी जिथे भेटतात तिथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, तेही स्पंजासारखं: पाऊल टेकलं की दाब पडून द्रव बाहेर जातो, पाऊल उचललं की आत शोषला जातो. चालणं हेच तिचं जेवण. प्लास्टर काढल्यावर गुडघा इतका आखडलेला का असतो, याचं एक कारण इथे आहे. दुखणं उसळलं तर दोन-तीन दिवस काम कमी करावं, पण महिनाभर पलंग धरणं हा उपचार नव्हे.

२. वंगण संपत नसतं

“ताई, वंगण संपलंय म्हणत्यात,” हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. खरं तर निरोगी गुडघ्यातसुद्धा हा द्रव चमचाभराच्या आतच असतो. झीज झालेल्या, सुजलेल्या गुडघ्यात तो उलट वाढलेला असतो. त्यालाच आपण गुडघ्यात पाणी झालं म्हणतो. बिघडतो तो त्याचा दाटपणा. डिंकाचे लाडू खाऊन तो सुधारत नाही. लाडू आवडीनं खावेत, पण त्यांचा हिशेब वजनकाट्यावर होतो. कटकट आवाजाचीही अशीच भीती असते. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाली की बोटं मोडल्याचा आवाज येतो, हे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एमआरआयमध्ये प्रत्यक्ष टिपलं. गुडघ्यात कधी स्नायूबंध हाडावरून सरकल्यानंही आवाज होतो. सोबत दुखणं किंवा सूज नसेल तर त्याकडे खुशाल दुर्लक्ष करावं.

३. एक्स-रेआधी माणूस बघावा

बरेच जण खुर्चीत टेकायच्या आधीच पिशवीतून एक्स-रे काढतात. “गॅप कमी झालीय बघा.” एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, दिसतं ते दोन हाडांमधलं अंतर, तेही उभं राहून काढलेल्या फिल्ममध्येच नीट कळतं. शिवाय कूर्चेला मज्जातंतू नसल्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचे स्नायूबंध. म्हणून फिल्म खराब असलेले आजोबा रोज मळ्यात जाऊन येतात आणि बरी फिल्म असलेले गुरुजी जिन्याला घाबरतात. मी आधी पेशंटला खुर्चीतून उठायला सांगते. उठताना हात गुडघ्यावर टेकतो का, कोणत्या पायावर भार जातो, यावरून बरंच काही कळतं.

४. गुडघ्याची ताकद मांडीत असते

वाटी शोभेची नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूला ती हाडापासून थोडं दूर धरते, त्यामुळे तेवढ्याच जोरात पाय जास्त ताकदीनं सरळ होतो. गुडघा सुजला की मज्जासंस्था याच स्नायूचं काम आवरतं घेते. मग मांडी बारीक होते, भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं आणि माणूस आणखी कमी चालतो. टेपनं दोन्ही मांड्या मोजून दाखवल्या की पेशंटला हे चक्र लगेच पटतं.

ते तोडायला यंत्र लागत नाही. पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून पाच आकडे मोजा आणि सोडा. असं दहा वेळा. मग उताणं झोपून, एक गुडघा वाकवून, दुसरा पाय सरळ ठेवत वीतभर उचला. ते जमलं की खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठ-बस करा. नितंबाचे स्नायूही विसरू नका, ते कमकुवत असले की चालताना गुडघा आत झुकतो. स्नायू बळकट व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. लोक दुसऱ्याच आठवड्यात विचारतात, “शेक नाही देणार का?” शेकानं बरं वाटतं, पण मांडी भरत नाही.

५. मांडी घालून बसणं गुन्हा नाही

सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. जिन्यावर तो वाढतो आणि उकिडवं बसताना वाटीमागचा दाब त्याहून पुष्कळ जास्त होतो. निरोगी गुडघा हे सोसतो आणि ही सवय टिकवावीही. चाळिशीतच जमिनीवर बसणं सोडलं की पुढे हवं तेव्हाही बसता येत नाही. प्रश्न आहे तो तासन्‌तास उकिडव्यानं काम करण्याचा. अशा कामाचा आणि गुडघ्याच्या झिजेचा संबंध सिद्ध झालेला आहे. खुरपणाऱ्या बाईला “खाली बसू नका” असं सांगणं म्हणजे मजुरी सोडायला सांगणं. तिला मी लांब दांड्याचं खुरपं, बसायला ठेंगणं स्टूल आणि दर ओळीच्या शेवटी उभं राहून दोन्ही पाय ताणणं सुचवते. दुखरा गुडघा असेल तर घरी कमोडची खुर्ची आणावी, त्यात लाज कसली?

६. चढण दम काढते, उतार गुडघा

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. फलटणला पोचेपर्यंत वारकऱ्यांनी दिवे घाट मागे टाकलेला असतो. वर्षभर रानात राबणारे सत्तरीचे माळकरी बहुधा तळपायाचे फोड दाखवायला येतात. गुडघा धरून येतात ते वर्षभर खुर्चीत बसून थेट पालखीत सामील झालेले. म्हणून वारी करायची असेल तर चैत्रापासूनच रोजचं चालणं थोडं थोडं वाढवत न्यावं.

उतरताना मांडीचा स्नायू ताणला जाता जाता भार पेलतो, त्यामुळे गुडघा तिथेच जास्त कुरकुरतो. पावलं लहान टाकावीत. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जवळजवळ सगळेच ती दुखऱ्या बाजूला धरतात. आणि धावण्यानं गुडघे जातात असं म्हणणाऱ्यांसाठी: २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा हौसेनं धावणाऱ्यांपैकी शंभरांत तीन-चार जणांना गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आढळली, तर न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये सुमारे दहा जणांना.

७. एक किलोचे चार किलो

अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या वजनदार लोकांवर झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं घटतो. पाच किलो उतरवले तर पावलागणिक वीस किलो. हे वजन आधी ताटातूनच कमी करावं लागतं, कारण दुखऱ्या गुडघ्यानं चालून ते उतरणं अवघड असतं.

८. गुडघ्यात दुखतं म्हणजे दोष गुडघ्याचाच असं नाही

खुब्याचा सांधा बिघडला तरी दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, कारण दोघांना काही मज्जातंतू सामाईक आहेत. झिजेच्या गुडघ्याचा सकाळचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो. तासभर टिकला आणि हाताच्या बोटांचे सांधेही सुजले असतील, तर आमवाताची तपासणी लवकर करावी. तापानंतर एकदम अनेक सांधे धरले, तर चिकुनगुनिया आठवावा. २००६ च्या साथीनं महाराष्ट्राला तो चांगलाच ओळखीचा करून दिला. गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल तर माझ्याकडे येऊ नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर कूर्चा काही दिवसांत नष्ट होऊ शकते.

९. ऑपरेशनची भीती नको, घाईही नको

दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करून घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर याचीच परीक्षा झाली. काहींना नुसते वरवरचे छेद देऊन टाके घातले, बाकीच्यांचा सांधा खरोखर साफ केला. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता. म्हणजे निव्वळ झिजेसाठी हा मार्ग नाही.

सांधा बदलणं ही वेगळी गोष्ट. व्यायाम, वजन, औषधं सगळं करूनही रात्री दुखण्यानं जाग येत असेल आणि घराबाहेर पडणं बंद झालं असेल, तर ते ऑपरेशन टाळत बसू नये. बसवलेल्या शंभर सांध्यांपैकी सुमारे ऐंशी पंचवीस वर्षं टिकतात असं नोंदी सांगतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातल्यापासून सांध्याचा खर्चही उतरला आहे. पण नवा सांधा धातूचा आणि प्लास्टिकचा असला तरी त्याला चालवणारी मांडी जुनीच राहते. जे ऑपरेशनच्या आधीपासून व्यायाम करून येतात, ते लवकर उभे राहतात, असा माझा अनुभव आहे. तेव्हा ऑपरेशन ठरलेलं असो, टळलेलं असो की गुडघा अजून मुळीच दुखत नसो, खुर्चीतून दहा उठ-बशा आजच सुरू कराव्यात.