चोरटी आयात, लाच आणि व्यापाऱ्याचे व्रत

आदिलाबाद जिल्ह्यापासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. आपला व्यापार कापूस, ज्वारी, सोयाबीन, तूर आणि तांदूळ यांचा. तेव्हा कोकणातील एखाद्या बंदरावर चोरटा माल उतरला, पोलिसांनी लाच घेतली, पुढे तपास झाला, या गोष्टींशी आपला काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु बंदरावर उतरलेला माल बंदरावर राहात नाही. तो कोठेतरी विकला जातो, आणि विकणारा व घेणारा असे दोघेही शेवटी व्यापारीच असतात. म्हणून १९९३ सालच्या रायगड जिल्ह्यातील प्रकरणाचा अभ्यास व्यापाऱ्याच्या दृष्टीने करावा, असे योजिले आहे.

१. चोरट्या व्यापाराचे मूळ

परदेशातून आलेला माल ठरलेल्या बंदरावर उतरावा, त्याची नोंद व्हावी, त्यावर जकात भरली जावी आणि मगच तो बाजारात यावा, हा कायद्याचा मार्ग होय. पूर्वी यासाठी १८७८ चा सागरी जकातीचा कायदा होता. त्याच्या जागी १९६२ चा सीमाशुल्क कायदा आला. हा मार्ग सोडून माल आणण्याचा मोह कोणाला व केव्हा होतो, याचे उत्तर धान्याच्या व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. दोन बाजारांतील भावात अंतर पडले, आणि ते अंतर वाहतूक खर्चाहून पुष्कळ मोठे झाले, की माल आपोआप वाट शोधतो. सरळ वाट बंद असेल तर आडवाट शोधतो.

सोन्याच्या बाबतीत हेच घडले. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकीर्दीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, आणि १९६८ साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला. सोन्याची आयात बंद, पण लग्नकार्यातील मागणी मात्र कायम! परिणामी देशातील भाव परदेशातील भावाहून बराच वर राहिला आणि पश्चिम किनाऱ्यावर चोरट्या सोन्याचा ओघ सुरू झाला. १९७४ साली तस्करांना स्थानबद्ध करण्याचा कायदा झाला, धाडी पडल्या, तरीही ओघ थांबला नाही. १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला आणि १९९२ पासून अनिवासी भारतीयांना जकात भरून सोने आणण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्या धंद्याचा पाया ढासळू लागला. उलट २०१३ साली सोन्यावरील जकात १० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा विमानतळांवर चोरटे सोने पुन्हा वाढत्या प्रमाणात सापडू लागले. २०२२ साली हा भार सुमारे १५ टक्क्यांवर गेला, आणि जुलै २०२४ मध्ये तो ६ टक्क्यांवर आणण्यात आला. कायदा कठोर असणे पुरेसे नाही. भावातील अंतरही आटोक्यात असावे लागते, हा यातील पहिला धडा.

२. उतरती गोदी आणि आडबाजूच्या खाड्या

मुंबईचा पूर्व किनारा हा एके काळी देशाच्या व्यापाराचा दरवाजा होता. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक (आजचे इंदिरा डॉक) उभे राहिले. या गोदीलगतच मशीद बंदर व दाणा बंदर हे भाग वसले. दाणा बंदर हे नावच सांगते की तेथे धान्य उतरत असे. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा शेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि जुन्या गोदीची मालवाहतूक तिकडे वळू लागली. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया ही दोन्ही डॉक पुढे बुजविण्यात आली. घाऊक धान्य बाजारही नव्या मुंबईत वाशी येथे गेला. गोदीवर ज्यांचे पोट होते त्या माथाडी, गाडीवान व लहान अडत्यांना त्याची झळ बसली.

चोरट्या व्यापाराला मात्र मोठ्या गोदीची गरज नसते. त्याला हवा असतो लहानसा धक्का, भरतीची वेळ, अंधारी रात्र आणि डोळे मिटून घेणारा पहारेकरी. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील राजपुरी खाडीवरचे दिघी आणि त्याच तालुक्यातील शेखाडी ही अशीच ठिकाणे.

३. दिघी आणि शेखाडी

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींनंतर परदेशी बसलेल्या तस्करांच्या टोळीने सूड घेण्याचा कट रचला. त्यासाठी नवा मार्ग शोधावा लागला नाही. चांदी उतरविण्याचा जो मार्ग वर्षानुवर्षे वापरात होता, जी गलबते, जे हमाल, जे ट्रक आणि जे अधिकारी आधीपासून ठरलेले होते, त्यांचाच उपयोग करण्यात आला. ९ जानेवारी १९९३ रोजी दिघी येथे शस्त्रास्त्रे उतरली. ३ व ७ फेब्रुवारी रोजी शेखाडी येथे शस्त्रांबरोबर आरडीएक्स हे महाभयंकर स्फोटक उतरले.

दिघीहून निघालेला माल त्या रात्री गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविला होता. म्हणजे कायद्याचा हात ट्रकपर्यंत पोहोचला होता! परंतु तेथे लाचेचा सौदा ठरला. रोख रक्कम त्या क्षणी हाताशी नव्हती, म्हणून चांदीच्या पाच विटा तारण ठेवून ट्रक सोडण्यात आले. सावकारीत तारण ठेवतात तसे कर्तव्यच तेथे गहाण पडले.

पैसे घेणाऱ्यांपैकी कित्येकांना ट्रकात नेमके काय आहे हे ठाऊक नसेलही. परंतु लाचेचे स्वरूपच असे आहे की ती न विचारण्याबद्दल दिली जाते. ज्याने चांदीसाठी डोळे मिटले, त्याला पुढच्या खेपेस डोळे उघडण्याचा अधिकार उरत नाही. तस्करास हे पक्के ठाऊक असते.

१२ मार्च १९९३ रोजी दुपारी दीडच्या सुमारास मुंबईच्या शेअर बाजारात पहिला स्फोट झाला. त्यानंतर दोन तासांच्या आसपास एकामागून एक स्फोट होत गेले. २५७ माणसे मृत्युमुखी पडली आणि ७१३ जखमी झाली. स्फोटांची ठिकाणे आपण व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावीत. शेअर बाजारानंतर मशीद बंदरचा काथा बाजार, जेथे धान्याची उलाढाल चाले. आणि झवेरी बाजार, जेथे सोन्या-चांदीची पेढी चाले. ज्या वाटेने स्वस्त चांदी येत होती, त्याच वाटेने मृत्यू आला आणि तो बाजारातच येऊन पोहोचला. मेले ते हमाल, दिवाणजी, गिऱ्हाईक आणि रस्त्याने जाणारे निरपराध लोक.

४. तपास कसा लागला

या प्रकरणाचा तपास मुंबई पोलिसांनी केला. त्या वेळी उपायुक्त असलेले राकेश मारिया यांजकडे तपासाची मुख्य सूत्रे देण्यात आली. वरळी भागात एक मारुती व्हॅन बेवारस स्थितीत सापडली. तीत शस्त्रे होती. गाडीच्या नोंदणीवरून मालकी समजली, मालकीवरून माहीम येथील घराचा पत्ता लागला आणि तेथून कटाचे धागे उलगडत गेले. एवढा मोठा कट एका नोंदणीच्या कागदावरून उघडकीस यावा, ही गोष्ट वहीखाते ठेवणाऱ्या माणसाने विसरू नये. कागद मुका असतो, पण वेळ आली की तोच साक्ष देतो.

४ नोव्हेंबर १९९३ रोजी आरोपपत्र दाखल झाले आणि त्याच महिन्यात तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. विशेष न्यायालयाने २००६ व २००७ मध्ये निकाल देऊन १०० जणांना दोषी ठरविले. त्यांत तस्कर होते, तसेच पोलीस व सीमाशुल्क खात्याचे लोकही होते. सीमाशुल्काच्या एका अतिरिक्त कलेक्टरास जन्मठेपेची शिक्षा झाली. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपिलांचा निकाल दिला आणि किनाऱ्यावरील पहारा करणाऱ्या यंत्रणांवर कडक ताशेरे ओढले. गुन्हेगार, अधिकारी व राजकारणी यांच्या संगनमताचा विचार करण्यासाठी जुलै १९९३ मध्ये गृहसचिव एन. एन. व्होरा यांची समिती नेमण्यात आली होती. तिचा अहवाल १९९५ साली संसदेपुढे आला. गुन्ह्यापासून अंतिम निकालापर्यंत वीस वर्षे गेली. न्याय झाला, पण उशिरा. आणि गेलेली माणसे परत आली नाहीत.

५. शास्त्रदृष्टीने विचार

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. व्यापारी गृहस्थास ते लागू पडतात, आणि या प्रकरणात त्यांचे जणू चित्रच दिसते. चोरास प्रेरणा किंवा साहाय्य देणे हा स्तेनप्रयोग. धंद्यास भांडवल पुरविणारा यात येतो. चोरून आणलेला माल घेणे हे तदाहृतादान. स्वस्त मिळते म्हणून बिलावाचून घेणारा दुकानदार यात येतो. तिसरा अतिचार विरुद्धराज्यातिक्रम. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा खुलासा करताना, परराज्यात थोड्या मोलाने मिळणाऱ्या मूल्यवान वस्तूंच्या लोभाने होणाऱ्या प्रयत्नाकडेच बोट दाखविले आहे. भावातील अंतर आणि त्याचा लोभ! दीड हजार वर्षांपूर्वीच्या आचार्यांनी तस्करीचे मूळ किती नेमके ओळखले होते! उरलेले दोन अतिचार खोट्या मापांचे व भेसळीचे आहेत; त्यांचा विस्तार येथे नको, पण तेही एकाच वृत्तीची भावंडे होत.

येथे लक्षात घ्यावे की, शास्त्राने केवळ चोराला दोष दिला नाही. घेणाऱ्यालाही त्याच रांगेत बसविले आहे. घेणारा नसेल तर आणणारा कोणासाठी आणील?

६. आपल्या दारातील बंदर

आपल्या जिल्ह्यास समुद्र नाही, पण सीमा आहे. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. निजामी अमदानीत येथे करोडगिरीचे नाके होते आणि त्या काळच्या आडवाटांच्या गोष्टी वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून आपण ऐकल्या आहेत. १९५६ नंतर आंध्र प्रदेश व २०१४ नंतर तेलंगणा झाले, तरी सीमा राहिली. आणि जेथे सीमा आहे तेथे भावाचे अंतरही आहे.

शिधापत्रिकेवरील तांदळाचेच पाहा. आपल्या राज्यात तो प्रथम एक रुपया किलोने व पुढे मोफत मिळू लागला. तो जाड तांदूळ अनेक घरी खाल्ला जात नसे. म्हणून तो थोड्या पैशांत विकला जाई, गोळा होई आणि ट्रकांनी सीमेपलीकडे किंवा गिरणीत जाई. मार्च २०२५ अखेर शासनाने शिधापत्रिकेवर बारीक तांदूळ देण्यास आरंभ केला, त्यामागे हा गळतीचा विचारही होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या आंध्रातील काकिनाडा बंदरात ‘स्टेला एल’ या जहाजावर शिधावाटपाचा तांदूळ आढळला, आणि आंध्र शासनाने विशेष तपास पथक नेमले. गरिबाच्या ताटातील तांदूळ समुद्रापर्यंत कसा पोहोचला? वाटेत किती दलाल, किती गिरण्या, किती नाकी लागली असतील? प्रत्येक ठिकाणी कोणीतरी न विचारण्याचे ठरविले असले पाहिजे.

प्रस्तुत लेखकाच्या दुकानीही बाजारभावाहून क्विंटलमागे बरेच कमी दराने, पण बिलावाचून, तांदूळ देऊ करणारे दलाल आले आहेत. त्यांस एकच प्रश्न विचारला की पुरे होते : ‘हा माल कोणाचा?’ उत्तर न देता ते उठून जातात.

७. व्यापाऱ्याने काय करावे

कायद्याच्या काही गोष्टी प्रत्येक पेढीवर ठाऊक असाव्यात. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ अन्वये सोने, घड्याळे व शासनाने जाहीर केलेल्या इतर वस्तू चोरट्या असल्याच्या वाजवी समजुतीने जप्त झाल्यास, त्या चोरट्या नाहीत हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या बाळगणाऱ्यावर येते. कलम ११२ अन्वये, जप्तीस पात्र आहे असे ठाऊक असून अथवा तसे मानण्यास कारण असून माल घेणारा दंडास पात्र होतो. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्याने सुटका होत नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. मात्र ज्यास लाच देण्यास भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेस कळविल्यास त्यास संरक्षण आहे. नाक्यावर गाडी अडली, माल नाशवंत आहे, ड्रायव्हर घायकुतीला आला आहे, अशा वेळी शंभराच्या नोटेने काम भागते हे खरे. पण तीच नोट उद्या गोंडघर फाट्यावरील विटांची धाकटी बहीण ठरते. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचा १०६४ हा क्रमांक पेढीच्या भिंतीवर लिहून ठेवावा, आणि एकट्याने भीती वाटत असेल तर संघटनेमार्फत तक्रार करावी. संघटना असते ती यासाठीच.

प्रत्येक मालाबरोबर बिल, बिल्टी, ई-वे बिल व धर्मकाट्याची चिठ्ठी ठेवावी. अनोळखी विक्रेत्याचा माल भावाकडे पाहून घेऊ नये; भाव फारच उतरता असेल तर तीच पहिली शंका समजावी. घरातील तरुण मुलांना, जे आता पेढी सांभाळू लागले आहेत, नफ्याचा हिशेब शिकविताना नकाराचाही हिशेब शिकवावा. एखादा सौदा सोडल्याने वर्षाच्या शेवटी खात्यात थोडी रक्कम कमी दिसेल. परंतु जो माल आपल्या गोदामात आलाच नाही, त्याचा जाब आपल्याला कोणी विचारू शकत नाही. ना नाक्यावर, ना न्यायालयात, ना स्वतःच्या मनापुढे.