चालकाची केबिन

वैशाखात परभणी जिल्ह्यातील ऊन मोठे कडक असते. पारा ४४-४५ अंशांवर गेला, की मानवत, सेलू, गंगाखेड या गावांकडे जाणारे रस्ते दुपारी ओस पडतात आणि गुरेही लिंबाच्या सावलीत अंग टाकतात. अशा वेळी कापसाच्या गाठी लादलेली एखादी मालमोटार धुरळा उडवीत निघून जाते. बाहेर इतका ताप असता आत इंजिनाशेजारी बसलेल्या चालकाची काय स्थिती होत असेल?

'टेल्को' कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीतील डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. त्या काळी कारखान्यातून बहुधा गाडीचा सांगाडाच बाहेर पडे. चाके, इंजिन आणि पुढचे तोंड, एवढाच तो ऐवज. डोक्यातोंडाला फडके गुंडाळून चालक हा उघडा सांगाडा शेकडो मैल हाकीत नेई. पुढे सुतार व लोहार त्यावर केबिन चढवीत. कारखान्याने शक्ती पुरविली, आणि बसणाऱ्या माणसाची चिंता मात्र सुतारावर सोपविली, असेच म्हणावे लागेल.

सुताराने ही केबिन लाकडाची केली, कारण लाकूड हाताशी होते व ते परवडे. त्यातून एक हित आपोआप साधले. लोखंडातून उष्णता जितक्या वेगाने पसरते, तितक्या वेगाने ती लाकडातून पसरत नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या लोखंडी पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. शेजारच्या फळीला तो तितकासा बसत नाही.

खरा त्रास इंजिनाचा. अनेक जुन्या गाड्यांत त्याचा निम्मा भाग चालक व क्लीनर यांच्या मधोमध केबिनमध्ये आलेला असे, आणि त्यावरील झाकण तव्यासारखे तापे. चालकांनी त्यावर पोती व जुनी वाकळ अंथरली. जी वाकळ थंडीत ऊब देते, ती उन्हाळ्यात उष्णता कशी अडविते, असा प्रश्न कोणासही पडेल. वस्तुतः वाकळ स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तिच्या कापडांच्या थरांत हवा कोंडलेली असते आणि ती हवा उष्णतेला सहज पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून थंडीत अंगाची ऊब आत राहते, आणि इंजिनाचा दाह पलीकडे राहतो. मात्र त्या वाकळेवर तेल सांडून ती चिंब झाली, तर तीच आगीस कारण होते.

केबिनबाहेर लटकणारी किरमिजाची छागळ हीसुद्धा अशीच शहाणपणाची वस्तू होती. तिच्यातून पाझरणारे पाणी वाऱ्याने उडून जाई व जाताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाई. छागळीची जागा आता बहुधा ओले पोते गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या डब्याने घेतली आहे. विजेरीवर चालणारा लहानसा पंखा पुष्कळांनी बसविला. परंतु हवा शरीराहूनही अधिक तापलेली असता पंख्याचा उपयोग अंगाला घाम येत असेल तोवरच होतो. घामासाठी पोटात पाणी हवे.

बसण्याच्या जागी कापसाची गादी आली. जड चाक फिरविताना घामाने हात निसटू नये म्हणून चाकावर दोरी वा कापड गुंडाळण्यात आले. मागील आडव्या फळीवर आळीपाळीने पाठ टेकता येऊ लागली. हा केवळ चैनीचा मामला नव्हे. झोपेने जड झालेला डोळा क्षणभर मिटला, की समोरून येणाऱ्या निरपराध माणसाचे प्राण धोक्यात येतात. मोटार परिवहन कामगार अधिनियमाने १९६१ मध्ये कामाची मर्यादा दिवसाला आठ तास ठरविली खरी. पण लांबच्या पल्ल्यावर ती पाळली जातेच असे नाही. याउलट काचेवर झुलणाऱ्या झालरी व गोंडे यांनी केबिन शोभिवंत दिसते, पण रस्ता झाकला जातो; ती हौस आवरलेलीच बरी.

साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या नव्या मालमोटारींत वातानुकूलित केबिन असणे २०२५ पासून बंधनकारक झाले आहे. आधीच्या गाड्यांना हा नियम लागू नाही. त्यांच्या चालकांना पोते, पाणी आणि पंखा यांवरच उन्हाळा काढावा लागतो.