पट्ट्या सोडून बघा

घोडी नव्या तबेल्यात उतरली तेव्हा तिच्या चारही पायांना पट्ट्या होत्या. प्रवासात घोड्याच्या पायाला पट्ट्या बांधतातच, त्यामुळे कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही आणि माझी चूक धरायचीच तर ती एवढीच धरा. बाकी सगळं मी रीतसर केलं होतं. हे आधी सांगतो, कारण गेलं वर्षभर पॅडॉकमध्ये माझ्यामागे जे बोललं जातंय ते माझ्या कानावर येतं. मी म्हणे न सांगता घोडी पळवली. आमच्या पहिल्या ट्रेनरना मी तीन दिवसांत तीन फोन केले, त्यांनी एकही उचलला नाही. चौथ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मुंबईला गेलो, महालक्ष्मीच्या ट्रॅकवर त्यांना गाठलं आणि समोर उभं राहून सांगितलं. ट्रॅककडे बघतच ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या घोड्यावर बसलेल्या पोराला सूचना द्यायला लागले. पाच वर्षांचा संबंध त्या एका "बरं"मध्ये संपला.

त्यांना आठवडाभर आधीच सगळं ठाऊक होतं, हे मला मागाहून कळलं. आम्ही तिघं मालक होतो: मी, माझे मेहुणे आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र. मित्राने ते एका लग्नाच्या पंगतीत सांगून टाकलं होतं.

गंमत म्हणजे ट्रेनर बदलायचा आग्रह त्याचाच जास्त होता. नोव्हेंबर ते मार्च या काळात घोडी सहा वेळा पळाली आणि सहाही वेळा मागे राहिली. आधीच्या वर्षी चौदाशे मीटरला दोनदा जिंकलेली घोडी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पाऊल आखडतं घ्यायची. दर वेळी नवं कारण मिळायचं. कधी जॉकीने घाई केली, कधी ट्रॅक कडक होता, कधी बाहेरचा ड्रॉ. मार्चमध्ये मीच म्हणालो, पाय नीट तपासून घेऊ या का? "पाय लोखंडाचे आहेत तिचे, तुम्ही काळजी करू नका," हे ट्रेनरचं उत्तर मला शब्दशः आठवतं.

मित्र तेव्हा आयर्लंडचा दाखला द्यायचा. तिथे मायकल ओलिअरी यांच्या गिगिन्स्टाउन स्टडने 2016 च्या सप्टेंबरमध्ये विली मलिन्स यांच्याकडचे साठ घोडे एका झटक्यात काढून घेतले. वाद वाढीव फीचा होता. त्यातली ॲपल्स जेड ही घोडी गॉर्डन एलियट यांच्याकडे गेली आणि पुढच्या मार्चमध्ये चेल्टनहॅमला मेअर्स हर्डल जिंकली. मित्र म्हणायचा, बघ, तबेला बदलला की नशीब बदलतं. पण ओलिअरींचे भाऊ त्यांचे रेसिंग मॅनेजर आहेत. रोजच्या रोज घोड्यांकडे बघणारं घरचं माणूस त्यांच्याकडे आहे. आमच्यासारख्या एका घोडीच्या मालकांकडे फक्त रविवार असतो. साठ घोडे एका झटक्यात हलवणाऱ्या मालकाचा दाखला एका घोडीला लावू नका.

वेळ मात्र मी बरोबर निवडली होती. मुंबईचा हंगाम संपला की घोडे पुण्याला यायचेच असतात. पुण्याच्या शर्यती जुलैत सुरू होतात, म्हणजे मधे नव्या जागेत रुळायला वेळ मिळतो. एप्रिलअखेरपर्यंतची सगळी बिलं चुकती केली, अर्ज दिला, मेच्या शेवटच्या आठवड्यात घोडी आली.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला नव्या ट्रेनरचा फोन आला. "या एकदा, फोनवर नको." मी गेलो तेव्हा घोडी बॉक्सबाहेर उभी होती. त्यांनी तिला तोवर नुसतं चालवलं होतं, कॅन्टरसुद्धा दिला नव्हता. त्यांच्याकडच्या वयस्कर सईसाने खाली बसून आधी उजव्या आणि मग डाव्या पुढच्या पायावर हाताची पालथी बाजू फिरवली, गुडघ्यापासून खाली. मग माझा हात धरून तिथे लावला. उजवा पाय सकाळच्या हवेसारखा गार होता. डाव्या पायाची मागची नस, जिला डॉक्टर टेंडन म्हणतात, ती कोमट होती आणि बोटांना किंचित फुगीर लागत होती. दुपारी स्कॅन झाला. पडद्यावर नसेचे धागे पांढरे, दाट दिसायला हवेत, तिथे मध्यभागी काळपट भोक होतं. डॉक्टर म्हणाले, हे चार दिवसांचं नाही, आतून भरायला सुरुवात झालेली दिसते. मी म्हटलं, तसं तारखेनिशी लिहून द्या. ते म्हणाले, "जुनं आहे एवढं लिहीन. किती जुनं, ते लिहून देणार नाही." त्यांचं बरोबरच होतं.

मी जुन्या ट्रेनरना फोन केला. या वेळी त्यांनी लगेच उचलला. "माझ्याकडून गेली तेव्हा ठणठणीत होती. चार दिवसांत तिकडे काय झालं ते त्यांना विचारा." नव्या ट्रेनरना हे कळल्यावर ते दुखावले आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मित्राने ग्रुपवर लिहिलं, घाई केली की असं होतं. मेहुणे गप्प बसले. तीन आठवडे मी या भ्रमात होतो की कदाचित गाडीत घोडी घसरली असेल, कदाचित नव्या जागी बिथरून तिने पाय आपटला असेल, आणि हे सगळं माझ्या निर्णयामुळे झालं.

मग जुन्या तबेल्याचं मे महिन्याचं बिल आलं. त्यात नेहमीप्रमाणे 'औषधोपचार' म्हणून एकच रक्कम होती. पाच वर्षं मी ती रक्कम न विचारता भरत आलो होतो. या वेळी चिडलो होतो म्हणून जानेवारीपासूनचा बाबवार तपशील मागितला. तो ट्रेनरनी पाठवला नाही, त्यांच्या हिशेबनिसाने पाठवला, आणि मला वाटतं त्याने तो नीट वाचलाही नसावा. मी रात्री जेवण झाल्यावर टेबलावर तो कागद घेऊन बसलो. नालबंद, जंताचं औषध, टॉनिक. आणि नऊ फेब्रुवारीला: 'स्कॅन, पुढचा डावा'. त्याखाली बर्फाच्या पिशव्या, सूज उतरवण्याची इंजेक्शनं, मलम, पुन्हा बर्फ. कागद खाली ठेवला आणि शर्यतीची जुनी पुस्तकं काढली. नऊ फेब्रुवारीनंतर घोडी दोनदा पळाली होती. त्यातल्या दुसऱ्या शर्यतीला मी बायकोला घेऊन महालक्ष्मीला गेलो होतो, रेलिंगला धरून घोडीच्या नावाने ओरडत होतो. आणि "पाय लोखंडाचे आहेत" हे त्यानंतरचं.

जुन्या ट्रेनरना विचारलं तेव्हा ते म्हणाले, तुमच्या मित्राला तोंडी सांगितलं होतं. मित्र म्हणाला, आठवत नाही. तक्रारीच्या पत्रावर तिघांच्या सह्या हव्यात म्हटलं तर त्याने सही केली नाही, 'मला सगळ्यांशी संबंध ठेवायचेत' म्हणून. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे आणि ते सुरू करायची माझी इच्छाही नाही.

ट्रेनर बदलायचा विचार करत असाल तर सर्वांत आधी हे करा. घोडा जुन्या तबेल्यातून निघायच्या दिवशी, निघण्याआधी, तिसराच पशुवैद्य बोलवा. जुन्या ट्रेनरचा नको, नव्याचाही नको. दोन्हीकडची माणसं समोर असू द्या. पट्ट्या सोडायला लावा, पुढच्या दोन्ही पायांचा स्कॅन करून घ्या, फोटो काढा, कागदावर तारीख आणि सही घ्या. नव्या ठिकाणी उतरल्यावर गाडीवाला जायच्या आत पुन्हा पट्ट्या सोडून फोटो. जुना ट्रेनर म्हणेल, माझ्यावर विश्वास नाही का? म्हणू द्या. ज्याचं मन स्वच्छ आहे त्याचाही यात बचावच आहे. नव्या ट्रेनरवर आमच्या बाबतीत चार दिवसांत जो आळ आला, तो एका कागदाने टळला असता.

दर महिन्याचं बिल बाबवार मागा, पहिल्या महिन्यापासून, संबंध चांगले असताना. संबंध बिघडल्यावर मागितलं की ते भांडण होतं. आणि औषधांची यादी घोड्याबरोबर पुढे गेली पाहिजे, नव्या ट्रेनरला कोणतं इंजेक्शन कधी दिलंय हे माहीत नसेल तर तो अंधारात काम करतो.

भागीदारीत घोडा असेल तर निर्णय कोण घेणार, तबेल्याशी कोण बोलणार आणि सगळ्या भागीदारांना काय कळवलं जाणार, हे घोडा घेतानाच लिहून ठेवा. एका पराभवावरून ट्रेनर बदलू नका. हंगामाच्या मध्यात बदलू नका. फोन करा, मेसेजवर असली बातमी देऊ नका. हे सगळं सगळ्यांना माहीत असतं, पण करत कोणी नाही. खाणंही एकदम बदलू नका, सात ते दहा दिवस जुन्या खुराकात नवा मिसळत जावा लागतो, नाहीतर पोटशूळ उठतो.

आणि सईसाशी बोला. घोडी नव्या तबेल्यात जाते, सईस जुन्याच तबेल्यात राहतो. पाच वर्षं तिच्या बॉक्सपाशी झोपलेला माणूस एका दिवसात सुटतो, याचा आम्ही कोणी विचारच केला नव्हता. ऑगस्टमध्ये पुण्यात तो मला भेटला. म्हणाला, "मालक, डावा पाय बसला का तिचा?" मी कोणता पाय ते कोणाला सांगत फिरलो नव्हतो. तो म्हणाला, फेब्रुवारीपासून रोज संध्याकाळी मीच बर्फ धरायचो. मी म्हटलं, मग मला का नाही बोललास? "तुम्ही कधी विचारलं नाही, मालक. तुम्ही यायचे, गूळ द्यायचे, साहेबांशी बोलून जायचे." त्याचा मला राग नाही. त्याचा पगार ज्या हातातून येतो त्या माणसाविरुद्ध त्याने आपणहून बोलावं ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्यांनी बोलायचं होतं ते दुसरे होते.

त्यानेच मला सांगितलं की ती जमिनीवर ठेवलेल्या बादलीतूनच पाणी पिते, उंच टांगलेल्या भांड्याला तोंड लावत नाही, आणि शेजारचा बॉक्स रिकामा असला तर रात्री खाणं टाकते. नव्या तबेल्यात पहिले दोन आठवडे ती का वाळत होती, ते तेव्हा कळलं. आम्हाला मे महिन्यातच त्याच्याशी अर्धा तास बसता आलं असतं.

घोडी परत पळाली नाही. वर्षभराच्या विश्रांतीनंतर पुन्हा ट्रॅकवर आणून तोच पाय दुखवायची माझी तयारी नव्हती. मेहुण्यांनी आणि मी मित्राचा हिस्सा घेतला आणि तिला पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर ठेवलं. महिन्यातून दोनदा जातो. तिथल्या माणसाला पहिल्याच दिवशी बादलीचं सांगितलं. आता गेलो की गूळ देतो आणि आधी खाली बसून तिच्या डाव्या पायाला हात लावून बघतो.